नदीकाठचं लाकूड आणि माळावरचा दगड फिश टँकमध्ये लावताना

उकळल्याने जंतू मरतात, गोगलगायीची अंडी मरतात, चतुराच्या अळ्या मरतात. दगडातला चुना, करंजाच्या लाकडातलं विष आणि सालीत मुरलेलं कीटकनाशक मात्र उकळून जाईल याची खात्री नाही. बाहेरून आणलेल्या दगड-लाकडाबद्दल जो सल्ला सगळीकडे मिळतो तो बहुतेक वेळा 'चांगलं उकळून घ्या' एवढ्यावर संपतो, आणि मग महिनाभराने मासे का मरतायत हे कळत नाही. खरी निवड उचलताना करायची असते. चुकीची वस्तू घरी आणली तर पुढे कितीही घासा, ती चुकीचीच राहते.

कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत ड्रिफ्टवूड (पाण्याने घासलेलं लाकूड) आणि 'सेरियू', 'ड्रॅगन स्टोन' अशा नावांचे दगड वजनावर मिळतात. खाली दिलेली चुन्याची परीक्षा करून ते घ्यायला काही हरकत नाही. पण आपण दख्खनच्या पठारावर राहतो, पायाखाली शेकडो मीटर जाडीचा काळा दगड आहे आणि तो टँकसाठी उत्तम आहे. तो ओळखता आला की खर्च आपोआप कमी होतो.

कुठून उचलायचं, कुठून नाही

आधी नको त्या जागा. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातून काडीही आणायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 त्याबद्दल कडक आहे. राखीव वनातलं पडलेलं लाकूड आणि दगडही वनोपजात मोडतात. भारतीय वन अधिनियम, 1927 मधलं कलम 45 फार लोकांना माहीत नसतं: वाहत आलेलं, काठाला लागलेलं किंवा बुडालेलं इमारती लाकूड, मालकी सिद्ध होईपर्यंत, सरकारचं मानलं जातं. तळहाताएवढ्या मुळीसाठी कोणी खटला भरणार नाही, पण वनखात्याच्या हद्दीत गाडीच्या डिकीत ओंडका घालून निघालात तर प्रश्न विचारले जातील आणि ते रास्तच असतील. देवराईतलं वाळकं पानही बाहेर नेत नाहीत, तो गावाचा नियम पाळावा. खारफुटीच्या मुळ्या टँकमध्ये सुरेख दिसतात. त्या संरक्षित आहेत, हात लावू नका. प्रवाळाचे तुकडे किनाऱ्यावर मेलेले सापडले तरी तेच. किल्ल्यावरचे दगड नकोत, आणि रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरचे, म्हणजे कातळाच्या पठारांवरचेही नकोत. तिथे कातळशिल्पं आहेत, आणि उघडाबोडका दिसणारा कातळही पावसाळ्यात फुलणाऱ्या वनस्पतींचं घर असतो.

वाहत्या ओढ्यातला दगडही उचलू नये असं माझं मत आहे. त्याच्या खालच्या बाजूला किड्यांच्या अळ्या, माशांची अंडी, छोटे खेकडे असतात. आपल्या टँकच्या सजावटीसाठी त्यांचं घर उलटवण्यात काही शहाणपण नाही.

मग राहतं काय? भरपूर राहतं. विहीर खोदताना निघालेला दगड हा माझ्या मते सगळ्यात चांगला: खोल, ताजा, हवेने न झिजलेला, त्यावर कोणतीही फवारणी न झालेला. सुरुंग लावून फोडलेला असेल तर त्यावर स्फोटकांतलं नत्र चिकटलेलं असू शकतं, म्हणून तो एखादा पावसाळा बाहेर पडून राहिलेला घ्यावा. घराच्या पायासाठी आणलेला काळा दगड, बांधकामाच्या जागेवर मालकाला विचारून घेतलेले तुकडे, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या नदीपात्रातले गोटे हेही चालतात. लाकडासाठी स्वतःचं किंवा ओळखीच्या माणसाचं परसदार. मालकाला विचारावंच, तो नुसतं 'न्या' म्हणत नाही, झाडावर शेवटचं काय फवारलं तेही सांगतो, आणि ती माहिती लाकडाएवढीच मोलाची असते.

शेताच्या बांधावरचा दगड हाताने उलटू नका. आधी काठीने. कोकणात लाल विंचू आणि फुरसं दोन्ही अशाच जागी असतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले, तरी टँकच्या दगडापायी दवाखाना गाठायची हौस कोणाला?

कोणता दगड

काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीतून वाहिलेल्या लाव्हाचा. त्याची मूळ खनिजं पाण्यात विरघळत नाहीत, पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी, त्याचा आकडा) हलवत नाहीत. नाशिक, पुणे, सातारा, नगर, संभाजीनगर, सगळीकडे हाच. मात्र त्यात एक मेख आहे. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत नंतर पांढरे स्फटिक भरले. त्यातले काही झिओलाइट असतात, काही गारगोटीच्या जातीचे आणि काही कॅल्साइट. पहिल्या दोघांचा त्रास नाही. कॅल्साइट म्हणजे चुनाच. पांढरे ठिपके असलेला दगड टाकून देऊ नका, पण त्या ठिपक्यांची चाचणी केल्याशिवाय टँकमध्येही घालू नका.

बोटाने चुरगळणारा, पिवळट-तांबूस झालेला बेसॉल्ट, म्हणजे मुरमाकडे निघालेला, घेऊ नये. विषारी नाही, पण कायम गाळ सोडतो आणि पाणी गढूळ ठेवतो.

कोकण-गोव्यातला जांभा चालतो. त्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं असतात, चुना जवळजवळ नसतो. सच्छिद्र असल्याने जिवाणूंना भरपूर जागा मिळते आणि शेवाळ व छोटी फर्न त्यावर छान धरतात. तांबडी पूड मात्र आठवडेच्या आठवडे निघते. चिऱ्याचा, म्हणजे बांधकामाच्या जांभ्याचा, ताजा कापलेला तुकडा नको. जुन्या गडग्यातला (दगडी कुंपणातला), पावसाने धुतलेला, काळपट पडलेला घ्या.

आता फसवे दगड. घराच्या कामातून उरलेले शहाबादी फरशीचे, कडप्प्याचे आणि कोट्याचे तुकडे लोक हौसेने टँकमध्ये रचतात. चपटे असतात, गुहा छान होतात. हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. कडप्पा काळा असल्याने बेसॉल्टचा भाऊ वाटतो, नाही. संगमरवरही चुनाच. ग्रॅनाइट चालतो, फक्त पॉलिश नसलेला तुकडा घ्या. विदर्भात चंद्रपूर-यवतमाळच्या बाजूला खालीच चुनखडी आहे, सिमेंटचे कारखाने तिथे उगाच नाहीत; त्या भागात पायाखालचा दगड चाचणीशिवाय उचलूच नये. काळ्या मातीत सापडणारे पांढुरके खडे आणि समुद्रकाठचा शंख-शिंपल्यांच्या चुऱ्याने सांधलेला ठिसूळ दगड, हे दोन्ही चुन्याचेच.

हिरवट-निळी झाक, सोनेरी चमक किंवा गंजाचे पट्टे असलेला दगड दिसायला कितीही सुंदर असला तरी शोकेसमध्ये ठेवा. तांब्याचा अंशही झिंग्यांना सोसत नाही.

चुन्याचा एवढा बाऊ कशासाठी? कारण तो हळूहळू विरघळून पाणी जड (क्षारांचं) करतो, पीएच आठच्या वर नेतो. मुंबईचं नळाचं पाणी तलावांतलं, बरंच मऊ असतं. अशा पाण्यात चुना चटकन फरक पाडतो. निऑन टेट्रा, डिस्कस, मऊ पाण्यातले झिंगे यांना ते मानवत नाही. कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या झाडांच्या टँकमध्ये तो आणखी वेगाने विरघळतो. उलट मॉली, गप्पी किंवा आफ्रिकेच्या मलावी सरोवरातले सिक्लिड पाळत असाल तर हेच दगड तुमच्या कामाचे आहेत, कारण त्यांना जड पाणीच हवं असतं. घरात बोअरचं पाणी असेल आणि ते मुळातच जड असेल, तर चुनखडीच्या एका तुकड्याने फारसं काही बिघडत नाही.

दगडाची परीक्षा

दगड घासून कोरडा करा. खिळ्याने एक जागा ओरखडून ताजी करा, कारण वरच्या झिजलेल्या थरावर आम्लाचा परिणाम दिसत नाही. त्यावर व्हिनेगरचे काही थेंब टाका आणि दगड कानाजवळ न्या. व्हिनेगर कमकुवत असतं. बुडबुडे डोळ्याला दिसण्याआधी सूक्ष्म चुरचुर ऐकू येते.

जांभ्यासारख्या सच्छिद्र दगडावर इथे फसगत होते. कोरड्या छिद्रांत द्रव शिरला की आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि चुना आहे असं वाटतं. म्हणून असा दगड आधी दहा मिनिटं पाण्यात भिजवा, वरवर पुसा, मग थेंब टाका.

व्हिनेगरने काहीच झालं नाही तरी शंका असेल, तर संडास धुवायच्या ॲसिडचा एक थेंब. हे काम उघड्यावर, हातमोजे घालून, लहान मुलं लांब ठेवून. फसफसलं तर उत्तर मिळालं. नंतर दगडावर खाण्याचा सोडा भुरभुरा आणि भरपूर पाण्याने धुवा. हे ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू निघतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या बेसॉल्टवर प्रत्येक वेगळ्या दिसणाऱ्या ठिपक्याला वेगळा थेंब द्या.

शेवटची आणि सगळ्यात भरवशाची परीक्षा बादलीची. एकाच नळाचं पाणी दोन बादल्यांत, एकीत दगड, दुसरी नुसती. दोन्ही झाका, नाहीतर बाष्पीभवनाने आकडे बिघडतील. दोन आठवड्यांनी दोन्हींचं टीडीएस (विरघळलेले क्षार), पीएच आणि शक्य असेल तर केएच (कार्बोनेटचा जडपणा) मोजा. टीडीएसचं पेन नसेल तर आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे असतंच. टीडीएसमधला दहा-वीसचा फरक सोडून द्या. शंभराच्या आसपास वाढ दिसली तर तो दगड मऊ पाण्याच्या टँकचा नव्हे.

दगड धुणं

कडक ब्रश, नळाची धार, पुन्हा ब्रश. साबण, डिटर्जंट काहीही नको. मग दगड बादलीत ठेवून वरून कडकडीत पाणी ओता आणि निवेपर्यंत राहू द्या. दगड गॅसवर ठेवून उकळू नये, ओव्हनमध्ये किंवा चुलीत तर मुळीच नाही. आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन दगड फुटतो आणि तुकडे उडतात.

डबक्यातून किंवा दुसऱ्या कोणाच्या आजारी टँकमधून आलेला दगड असेल तर एक भाग साधं, वास नसलेलं ब्लीच आणि दहा भाग पाणी, पंधरा मिनिटं. मग धुवून अँटी-क्लोरीन घातलेल्या पाण्यात रात्रभर ठेवा आणि क्लोरीनचा वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवा. जांभ्याला आणि लाकडाला ब्लीच लावू नये, ते आत शोषलं जातं.

कोणतं लाकूड

झाड ओळखता येत नसेल तर लाकूड घेऊ नका. पाण्याने घासून गुळगुळीत झालेला, साल गेलेला तुकडा कितीही आकर्षक असला तरी तो करंजाचा की जांभळाचा हे सांगता आलं पाहिजे. फारच मोह झाला तर जाणत्या सुताराला दाखवा. ताज्या कापावरचा रंग आणि वास यावरून तो बरंच सांगतो.

पेरू माझ्या यादीत पहिला. कठीण, गुळगुळीत, फांद्यांना नैसर्गिक वळण, आणि जुन्या झाडाच्या मुळ्या तर बघतच राहाव्यात. जांभूळ पाण्यात वर्षानुवर्षं टिकतो. विहिरीच्या तळाशी त्याचं लाकूड घालायची जुनी पद्धत त्यामुळेच आहे. चिंचेचा आणि बोरीचा गाभा चालतो. बाभळीचा गाभा टिकाऊ, पण तिच्या सालीने कातडी कमावतात यावरून टॅनिन किती असेल याचा अंदाज करा. पाणी महिनोन् महिने तांबडं राहील. खैराचा तर कातच होतो, त्यामुळे तो विषय सोडा.

नको असलेली झाडं: करंज आणि गेळा, कारण या दोन्हींचा वापर मासे गुंगवून पकडण्यासाठी होत आला आहे. कण्हेर, पिवळी कण्हेर, रुई, शेर, थोर, चाफा, एरंड, बिब्बा. कडुनिंब माणसाला औषधी म्हणून माशालाही औषधी असं होत नाही. त्यातली कीटकनाशक द्रव्यं झिंगे आणि माशांना बाधतात. निलगिरीत तेल असतं. सीताफळाच्या बिया विषारी असतात, तेव्हा त्या झाडाच्याही नादी लागू नये. वडाच्या पारंब्या मोह घालतात, पण त्यांत चीक असतो आणि वाळल्यावर त्या लवकर कुजतात. शेवगा, पांगारा, पपई ही मऊ लाकडं टँकमध्ये चिखल होतात.

आता फवारणी. नाशिक-सांगलीकडे उपटलेल्या द्राक्षबागांची पिळदार खोडं बांधावर पडलेली असतात आणि टँकवाल्याला ती पाहून राहवत नाही. त्या वेलींवर वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि त्याखेरीज बरीच औषधं मारलेली असतात. मोरचुदातलं तांबं सालीत साठतं. शिवाय वेलीचं लाकूड पाण्यात टिकतही नाही. पोफळीच्या बागेलाही बोर्डो लागतं. हापूसच्या व्यावसायिक बागेत तुडतुड्यांसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवारतात. ही औषधं माशांना अगदी थोड्या प्रमाणातही घातक असतात. त्यामुळे बागेतली छाटणी नको. परसातलं, कोणी कधी न फवारलेलं झाड हवं.

लाकूड मेलेलं आणि पूर्ण वाळलेलं पाहिजे. ताजी तोडलेली फांदी असेल तर सावलीत, जमिनीपासून उचलून, किमान वर्षभर ठेवा. नखाने दाबून बघा: नख रुतलं तर तो भाग कुजका. बाहेरचा फिकट थर सहसा मऊ असतो आणि आधी कुजतो. तो तासून आतला गडद गाभा ठेवायचा. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टणटणीत आवाज यावा.

फेब्रुवारी ते मे हे दिवस चांगले. धरणांचं पाणी उतरलेलं असतं आणि लाकूड उन्हाने खडखडीत झालेलं असतं. खाडीकाठचं लाकूड मिळालं तर त्यातलं मीठ काढायला गोड्या पाण्यात कित्येक आठवडे, पाणी बदलत, ठेवावं लागतं. एवढी सबुरी नसेल तर घेऊ नये.

लाकूड तयार करणं

साल पूर्ण काढा. सगळी. सालीखाली किडे असतात, आणि टँकमध्ये तीच आधी सुटून कुजते. चाकूने, मग तारेच्या ब्रशने. कुजके भाग कोरून टाका, टोकदार टोकं घासून गोल करा.

मोठ्या पातेल्यात, जे पुढे स्वयंपाकाला वापरणार नाही अशा, लाकूड बुडेल एवढं पाणी घेऊन तासभर उकळा. पाणी काळ्या चहासारखं होईल. ते ओता, नवीन घाला, पुन्हा तास. असं दोन-तीन वेळा. पातेल्यात मावत नसेल तर एक बाजू, मग दुसरी. तेही शक्य नसेल तर पिंपात ठेवून कडकडीत पाणी ओतत राहा. सात-आठ तास उकळत बसू नका, त्याने तंतू सैल होतात आणि लाकूड लवकर झिजतं.

मग भिजवणं. पिंपात बुडवून, वर दगड ठेवून, पाणी दर तीन-चार दिवसांनी बदला. हे दोन आठवड्यांत संपेल किंवा दोन महिने चालेल; जांभळाचा जुना गाभा लवकर बुडतो, पेरूची बारीक फांदी हट्टी असते. शेवटच्या आठवड्यात पाणी न बदलता ठेवा आणि अमोनिया किटने तपासा. अमोनिया दिसला, पाणी दुधाळ झालं किंवा कुजल्याचा वास आला तर तो तुकडा टँकसाठी नाही.

उरलेला तांबूस रंग वाईट नसतो. टॅनिनने मऊ पाण्याचा पीएच किंचित उतरतो. बेट्टा, टेट्रा, रासबोरा हे मासे अशा पाण्यात खुलतात. रस्तोरस्ती दिसणाऱ्या देशी बदामाची गळून तांबूस झालेली पानं लोक याचसाठी मुद्दाम टँकमध्ये टाकतात. रंग नकोच असेल तर फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला आणि पाणी थोडं जास्त बदला.

टँकमध्ये रचताना

काचेवर आधी पातळ थर्मोकोल किंवा प्लॅस्टिकची जाळी, त्यावर मोठे दगड, आणि वाळू सगळ्यात शेवटी. वाळूवर दगड ठेवला तर तळ उकरणारे मासे खालची वाळू काढतात आणि दगड काचेवर कोसळतो. दगड ठेवून हाताने हलवून बघा. जो हलला तो पुन्हा बसवा. चिकटवायचे असतील तर टँक बांधायचं सिलिकॉन वापरा. बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन नको.

वजनाचा विचार करा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ 54 लिटरच्या आसपास पाणी बसतं. त्यात 15 किलो बेसॉल्ट घातला तर पाच लिटर पाणी कमी होतं, वाळूने आणखी कमी. औषधाचा डोस ठरवताना हा हिशेब विसरला तर डोस जास्त पडतो. सुरुंगाने फुटलेल्या दगडाच्या कडा धारदार असतात. गोल्डफिश किंवा लांब परांचे मासे असतील तर त्या दुसऱ्या दगडावर घासून बोथट करा.

लाकूड अजून तरंगत असेल तर स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने ग्रॅनाइटच्या तुकड्याला जोडा. लोखंडी खिळा किंवा तांब्याची तार नको. दोन बाजूंच्या काचांमध्ये लाकूड कधीही आवळून अडकवू नका. ते फुगतं आणि काच तडकू शकते. अनुबियास, जावा फर्न, मॉस या पाणवनस्पती लाकडावर सुती दोऱ्याने बांधा किंवा जेलसारख्या सुपरग्लूच्या थेंबाने चिकटवा. अनुबियास आणि जावा फर्नचं आडवं खोड वाळूत गाडू नका, कुजतं.

पहिला महिना

आठवडाभरात लाकडावर पांढरा, बुळबुळीत थर येईल. हा पहिला थर पाहून फोन करणारे खूप. लाकडातली उरलेली साखर खाणारे जिवाणू आणि बुरशी आहेत ती. माशांना अपाय नाही, गोगलगायी आणि झिंगे तर ती खातात. फार वाढली तर लाकूड काढून ब्रशने घासा. बहुधा तीन-चार आठवड्यांत आपोआप जाते. तोवर हवेचा पंप चालू ठेवा, कारण हे जिवाणू प्राणवायू वापरतात. थर पांढऱ्याऐवजी काळा असेल, लाकूड मऊ लागत असेल आणि सडक्या अंड्याचा वास येत असेल तर मात्र वाट बघू नका, बाहेर काढा.

दर आठवड्याला पीएच आणि टीडीएस लिहून ठेवा. आकडे सतत चढत असतील तर एकेक दगड काढून पुन्हा बादलीत तपासा. नवे मासे या महिन्यात घालू नयेत.

काही वर्षांनी लाकूड झिजून टाकायची वेळ येते. ते नदीत किंवा तळ्यात सोडू नका, आणि टँकमधले दगडही तिथे धुऊ नका. उजनीच्या जलाशयात सकर मासा पसरला तो अशाच टँकमधल्या जिवांपैकी. गोगलगायी, मॉसचे तुकडे, रोगजंतूही तसेच जातात. लाकूड उन्हात खडखडीत वाळवून कुंडीच्या मातीत घाला. दगड वाळवून ठेवा, ते पुढच्या टँकमध्ये तसेच चालतात.